बेचाळिशीनंतरच्या संशोधकाला अनुदान हवेच

संशोधनाचा पैसा थोडा आहे, तो तरुणांना द्यावा; पंचेचाळिशीतल्या सहयोगी प्राध्यापकाला पगार आहे, कायम नोकरी आहे, धमक असेल तर तो खुल्या स्पर्धेतून अनुदान मिळवील, असा युक्तिवाद विद्यापीठांत नेहमी होतो. तरुणांना पैसा मिळावा, याबद्दल वाद नाही. बाकीचे मात्र तपासावे लागेल.

आधी नियम पाहू. यूजीसीच्या 2018च्या नियमावलीप्रमाणे थेट भरतीने प्रोफेसर व्हायचे तर पीएच.डी., 10 वर्षांचा अनुभव, किमान 10 शोधनिबंध आणि 120 संशोधन गुण लागतात. 10 लाखांवरचा प्रकल्प पूर्ण केला की 10 गुण, त्याहून लहान असेल तर 5. यूजीसीच्या जानेवारी 2025च्या नव्या नियमांच्या मसुद्याने ही गुणपद्धत बाजूला ठेवली, तरी उमेदवाराच्या उल्लेखनीय योगदानाच्या यादीत प्रायोजित संशोधनाचा निधी ठेवलाच. म्हणजे अनुदान मिळवलेले असणे ही पदासाठीची जमेची बाजू आहे. मग ते मिळवण्याची वाट सर्वांना खुली नको का?

प्रत्यक्षात ती अरुंद आहे. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानच्या, कारकिर्दीच्या सुरुवातीसाठी असलेल्या पंतप्रधान अनुदानाची वयोमर्यादा 42 आहे. काही गटांना थोडी सवलत मिळते. यूजीसीने 2022 मध्ये सेवेतील प्राध्यापकांसाठी दोन वर्षांचे 10 लाखांचे अनुदान जाहीर केले, तेही देशभरात फक्त 200 जणांना. त्यासाठी अर्जदाराने पाच पीएच.डी. विद्यार्थ्यांना मार्गदर्शन केलेले हवे आणि दोन प्रायोजित प्रकल्प पूर्ण केलेले हवेत. ज्या महाविद्यालयात संशोधन केंद्रच नाही, तिथल्या प्राध्यापकाने पहिला प्रकल्प कुठून आणायचा? पूर्वी यूजीसीच्या मायनर रिसर्च प्रोजेक्टवर अशांची सुरुवात होत असे. आता ती पायरीही राहिलेली नाही.

खुल्या स्पर्धेत आयआयटीची सुसज्ज प्रयोगशाळा आणि तालुक्याचे महाविद्यालय एकाच रांगेत उभे राहतात. महाराष्ट्रात अनेकांची उमेदीची वर्षे तासिका तत्त्वावर जातात, बाळंतपण आणि घरच्या आजारपणाने अनेक स्त्रियांचे काम थांबते. त्यांचे संशोधनाचे वय उशिरा सुरू होते. त्यात त्यांचा काय दोष?

चाळिशीनंतर नवे सुचत नाही, हेही खरे नाही. 1905 साली जन्मलेल्या इरावती कर्वे यांचा भारतातील नातेसंबंधांवरचा मूलभूत ग्रंथ डेक्कन कॉलेजने 1953 साली प्रसिद्ध केला. पन्नाशीच्या उंबरठ्यावरचे ते काम वर्षानुवर्षांच्या क्षेत्रकार्यावर उभे होते, आणि त्यामागे एक संस्था होती.

पदोन्नतीपुरत्या प्रकल्पांवर पैसा वाया जाईल, हा शेवटचा आक्षेप. उलट, साधने न देता शोधनिबंध मागितले की पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकांचे फावते. त्यांना आळा घालायला यूजीसीला 2018 मध्ये मान्य नियतकालिकांच्या केअर यादीची घोषणा करावी लागली.

म्हणून चार गोष्टी कराव्यात. 42 ते 55 वयोगटातील सहयोगी प्राध्यापकांसाठी स्वतंत्र अनुदान असावे, आणि राज्य विद्यापीठे व त्यांच्या महाविद्यालयांची रांग वेगळी असावी. विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाच्या (सर्ब) राज्य विद्यापीठांसाठीच्या 2022च्या शुअर योजनेने अशी वेगळी रांग लावता येते हे दाखवले आहे. दुसरे, भाषा, इतिहास आणि समाजशास्त्रासाठी 3 ते 5 लाखांचे लहान अनुदान असावे. दफ्तरखान्यातले काम, प्रवास आणि मुलाखतींचे लेखन एवढ्यात होते. तिसरे, वेळ. सहयोगी प्राध्यापकाला आठवड्याला 14 तास शिकवावे लागते, म्हणून बदली शिक्षकाचे मानधन अनुदानातच धरावे. चौथे, प्रकल्पाचा अहवाल आणि खर्च सर्वांना पाहता यावा, आणि पुढचा हप्ता कामाच्या गुणवत्तेवर ठरावा.

यात कोणावर मेहेरबानी नाही. ज्या पदासाठी संशोधनाची अट घातली, त्या पदाच्या वाटेवर संशोधनाची सोय करणे ही अट घालणाऱ्यांची जबाबदारी आहे, आणि ती त्यांनी पार पाडलीच पाहिजे.