शिका की शिकवा?

दर 7 नोव्हेंबरला साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये आपली माणसे जमतात. 1900 साली याच दिवशी भिवा रामजी आंबेडकर हे नाव त्या शाळेच्या रजिस्टरात चढले. 2017 पासून सरकारही हा विद्यार्थी दिवस पाळते. आपल्या अशा प्रत्येक कार्यक्रमात घोषणा घुमते, 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा!'

जुलै 1942 च्या नागपूर परिषदेतील इंग्रजी भाषणात बाबासाहेबांचे पहिले क्रियापद आहे 'एज्युकेट'. आम्ही त्याचे 'शिका' केले. पण शिका म्हणजे 'लर्न'. लर्न करणारा स्वतः शिकतो. एज्युकेट करणारा दुसऱ्याला शिकवतो, घडवतो. स्वतःलाही एज्युकेट करता येते, म्हणून 'शिका' चूक नाही, अर्धे आहे. घोषणेतील शब्दांच्या क्रमावर पुष्कळ शाई सांडली. आम्हाला हे अर्धे राहिलेले क्रियापद अधिक सलते.

साताऱ्यातल्या शाळकरी दिवसांची हकिकत बाबासाहेबांनीच लिहून ठेवली आहे. बसायला कोपरा, रोज घरी न्यायचे गोणपाट, शिपायाने नळ सोडला तरच पाणी. तशात भिवा शिकला. पण वर्गातल्या इतर पोरांना माणसासारखे वागायला कोणी शिकवले?

आता 'कमवा आणि शिका' घ्या. ही योजना कर्मवीर भाऊराव पाटलांची, सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुकच्या घराण्यातल्या माणसाची. तेथला 'शिका' खरोखर लर्न आहे: पोराने घाम गाळायचा आणि स्वतः शिकायचे. कर्मवीर स्वतः मात्र दुसरे क्रियापद जगले. 1924 साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवणारे वसतिगृह त्यांनी काढले; 1935 मध्ये शिक्षक घडवणारे अध्यापक विद्यालय काढले. बाबासाहेबांचेही तेच. 1925 मध्ये सोलापूरचे वसतिगृह, 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, 1946 मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय. संस्थेच्या नावातही त्यांनी तोच शब्द ठेवला.

आणि 18 मार्च 1956 रोजी आग्र्याला त्यांनी जी व्यथा बोलून दाखवली, ती अडाण्यांबद्दल नव्हती. शिकून साहेब झालेल्यांनी समाजाकडे पाठ फिरवली, याबद्दल होती.

सातारा-सांगलीत आज आमच्यात प्राध्यापक आहेत, इंजिनिअर आहेत, बँकेतले साहेब आहेत. जयंतीची वर्गणी ते चुकवत नाहीत, हे मान्य. पण वस्तीतल्या दहावीच्या पोरीचे गणित अडते, तेव्हा तिच्याजवळ कोण बसतो? बुद्धविहारे आपलीच आहेत, किल्ल्याही आपल्याकडेच. रविवारी दोन तास कोण देणार, तेवढे बोला.