घसरगुंडीवरचे मंदिर आणि कोरडी बारव

बहामा बेटांवरील 'अटलांटिस' या विलासी पर्यटननगरीत १९९८ साली एक मंदिर उभे राहिले. नाव 'मायन टेंपल'. आकार मध्य अमेरिकेतील प्राचीन माया देवालयाचा. त्याच्या माथ्यावरून पर्यटक घसरगुंडीवर अंग झोकून देतो आणि शार्क माशांच्या तलावातून जाणाऱ्या पारदर्शक नळीतून खाली येतो. घसरगुंडीचे नाव 'लीप ऑफ फेथ', अर्थात श्रद्धेची उडी! ही ज्यांच्या श्रद्धेची थट्टा आहे, ते माया लोक होते तरी कोण?

युकातानचा उत्तर भाग चुनखडीचा. पाऊस पडतो आणि जमिनीत मुरून जातो. वाहती नदी जवळजवळ नाही. तेथे माया लोकांनी 'चुलतून' नावाची भूमिगत टाकी कोरली. तिकाल नगरीत फरसबंद चौकांना उतार देऊन पावसाचे पाणी तलावांत वळवले. चिचेन इत्झा येथील नैसर्गिक विहीर त्यांचे तीर्थ होते आणि पर्जन्यदेव चाक हे आराध्य. नवव्या शतकात त्यांची दक्षिणेकडील मोठी नगरे ओस पडली, त्यामागील कारणांत दीर्घ अवर्षणही होते. पुढे १५६२ मध्ये मानी येथे दिएगो दे लांदा या ख्रिस्ती धर्मगुरूने त्यांच्या ग्रंथांची आणि मूर्तींची होळी केली. आज त्यांची अवघी चार प्राचीन हस्तलिखिते शिल्लक आहेत. ग्वाटेमाला आणि मेक्सिकोत लक्षावधी माया आजही आपल्या भाषा बोलतात. पण बाजाराला हवा आहे तो केवळ त्यांच्या मंदिराचा देखावा.

हा बाजार महाराष्ट्राला नवा नाही. खोपोलीजवळ २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलउद्यानात ग्रीसच्या मिकोनोस बेटाचा देखावा उभारला गेला. उद्या एखादा उद्योजक माया-मंदिराचा प्रस्ताव घेऊन बालाघाटच्या डोंगरात, भूम तालुक्यात आला, तर त्याचे स्वागत कसे होईल? रोजगार येईल, पर्यटन वाढेल, असे सांगितले जाईल. पाणी गाळून पुन्हा वापरतो, असेही सांगितले जाईल. मान्य, परंतु पहिल्यांदा तलाव भरायचा कोठून? मराठवाड्याच्या उन्हात रोज उडून जाणाऱ्या पाण्याची भरपाई करायची कोणाच्या विहिरीतून? भूम हा खव्यासाठी ओळखला जाणारा अवर्षणप्रवण तालुका. येथे पाणी आटले की चारा आटतो, चारा आटला की दूध आटते आणि खव्याची भट्टी थंड पडते. शेजारच्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, याचा विसर पडण्याइतके आपले स्मरण दुबळे आहे काय?

जलवारसाच पाहायचा असेल तर तो उशाशी आहे. याच धाराशिव जिल्ह्यात नळदुर्गला बोरी नदीवरील बंधाऱ्याच्या पोटात आदिलशाही काळातील पाणीमहाल आहे. वरून प्रपात कोसळत असताना आतील दालन कोरडे राहते. भूमला लागूनच असलेल्या जामखेड तालुक्यातील चौंडी हे पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे जन्मस्थान. देशभर विहिरी, बारवा आणि घाट बांधणाऱ्या या राणीच्या मुलखातच कित्येक बारवा गाळाने आणि कचऱ्याने बुजल्या आहेत. त्यांच्याकडे ना उद्योजकाचे लक्ष, ना शासनाचे. आणि खरे बोलायचे तर ना ग्रामस्थांचे!

माया लोकांचा आदर करायचा असेल, तर त्यांच्या देवळाची प्लास्टरची नक्कल करून तो होणार नाही. थेंब साठवण्याचा त्यांचा विवेक उचलावा लागेल, आणि तो विवेक आपल्या पूर्वजांपाशीही होता. शाळांनी सहल नळदुर्गला न्यावी. ग्रामसभांनी जलउद्यानाच्या परवान्यापूर्वी बारवेतील गाळाचा ठराव घ्यावा. ज्या समाजाला स्वतःच्या बारवेचा तळ ठाऊक नाही, त्याच्या मंदिरांच्याही उद्या कोणीतरी घसरगुंड्या करील. आणि तिकीट काढून रांगेत उभे राहणारे आपणच असू.