केसावर फुगे मिळतात, पण ते केस जातात कुठे? आफ्रिकेतल्या बायकांशी खानदेशचा असा आहे संबंध

‘केसावर फुगे’ हे अहिराणी गाणं तुमच्या रील्समध्ये एकदा तरी वाजलं असेलच. पण जळगाव-धुळ्यात ही हाक गाण्याच्या आधीपासून ओळखीची आहे. फेरीवाला गल्लीत येतो, बायका कंगव्यात निघालेल्या केसांचा साठवलेला गुंता देतात आणि बदल्यात फुगे, पिना किंवा एखादं भांडं घेतात.

या गुंत्याचं पुढे काय होतं?

गल्लीतून थेट परदेशात

फेरीवाल्यांकडून असे केस व्यापाऱ्यांकडे जातात. कर्नाटकात कोप्पळजवळचं भाग्यनगर आणि पश्चिम बंगालमधला मुर्शिदाबाद जिल्हा ही या कामाची मोठी केंद्रं. तिथे मजूर हाताने गुंता सोडवतात, केस धुतात आणि लांबीप्रमाणे जुड्या बांधतात.

तिरुपतीला भाविकांनी दिलेल्या केसांचा लिलाव होतो. ते एका दिशेत राहतात, म्हणून भाव जास्त. कंगव्यातले केस उलटसुलट असतात, म्हणून स्वस्त. पुढे भारतात आणि चीनमध्ये अशा केसांपासून विग आणि ‘वीव्ह’ बनतात. वीव्ह म्हणजे डोक्यावर बारीक वेण्या घालून त्यांवर शिवलेल्या तयार केसांच्या पट्ट्या. त्यांची मोठी गिऱ्हाईकं म्हणजे अमेरिका आणि आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रिया.

मग आता काय बदलतंय?

यातल्या अनेक जणी वीव्ह सोडून स्वतःचे कुरळे केस तसेच ठेवतायत. सरळ केस म्हणजे नीटनेटके, ही वसाहतकाळातली समजूत त्यांना मान्य नाही. 2016 मध्ये दक्षिण आफ्रिकेत ‘प्रिटोरिया हायस्कूल फॉर गर्ल्स’च्या विद्यार्थिनींनी केसांच्या नियमांविरोधात आंदोलन केलं. 2019 मध्ये कॅलिफोर्नियाने केसांवरून भेदभाव करायला कायद्याने बंदी घातली.

आरोग्याचंही कारण आहे. घट्ट वीव्हमुळे मुळांवर ताण येऊन केस गळतात. केस सरळ करणाऱ्या रसायनांबद्दल 2022 मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा ती वापरणाऱ्यांमध्ये वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका 4.05 टक्के दिसला, न वापरणाऱ्यांमध्ये 1.64 टक्के. रसायनांमुळेच कर्करोग होतो, हे यातून सिद्ध होत नाही. पण काळजी वाढली.

अर्थात वीव्ह संपलेले नाहीत. कित्येक जणी कधी नैसर्गिक केस, कधी विग असं दोन्ही करतात.

मग खानदेशातल्या बाईचं काय?

कच्चे केस कमी किंमत दाखवून बाहेर जातात, अशी निर्यातदारांची तक्रार होती. जानेवारी 2022 मध्ये केंद्र सरकारने या निर्यातीवर निर्बंध आणले. म्हणजे बंदरावरच्या भावाची काळजी घेतली गेली. दारातल्या भावाची नाही.

परदेशात मागणी घटली, तर फेरीवाला दोन फुग्यांऐवजी एक देऊ शकतो. मागणी वाढली, तर मात्र दुसरा फुगा मिळेलच असं नाही, कारण या व्यवहारात भाव असा ठरलेलाच नसतो. आपल्या केसांचं काय करायचं, हे तिकडची बाई आता स्वतः ठरवतेय. इकडच्या बाईला मात्र त्यांची किंमतही माहीत नसते.

म्हणून पुढच्या वेळी हाक आली, तर फुगा घेण्याआधी दोन गोष्टी विचारा: वजन किती भरलं आणि किलोला भाव काय?