शिवाजी पार्क: शेजार आणि मालकी

दादरच्या शिवाजी पार्क मैदानासंबंधी जो वाद दर एक-दोन वर्षांनी उफाळून येतो, त्यात दोन शब्द हटकून वापरले जातात. एक ‘रहिवासी’ आणि दुसरा ‘बाहेरचे’. रहिवाशांना शांतता हवी, बाहेरचे गोंगाट करतात. रहिवासी मैदान स्वच्छ ठेवतात, बाहेरचे घाण करून जातात. अशी ही मांडणी आहे. वृत्तपत्रांनी ती उचलली, नगरसेवकांनी गिरवली, आणि आता तर ती इतकी सवयीची झाली आहे की पुरोगामी म्हणवणारी माणसेही तिच्यात काही वावगे आहे असे मानीत नाहीत.

रहिवाशांच्या तक्रारी खोट्या आहेत असे म्हणण्याचे कारण नाही. ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या करून रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या सभांनी वृद्धांना, आजाऱ्यांना आणि परीक्षेस बसणाऱ्या मुलांना त्रास झाला, आणि त्याविरुद्ध काही नागरिक न्यायालयात गेले ते योग्यच झाले. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे मैदान शांतता क्षेत्र ठरविले. अलीकडच्या वर्षांत मैदानावर पसरलेल्या लाल मातीच्या धुळीने परिसरातील लोकांना श्वास घेणे कठीण केले, ही तक्रारही रास्त आहे. ही माती पालिकेने आणून टाकली. ती काही परगावच्या पाहुण्यांनी आणली नव्हती. येथवर रहिवाशांचे म्हणणे कोणीही मान्य करील. प्रश्न त्यापुढचा आहे. ज्यांच्या खिडक्या मैदानाकडे उघडतात त्यांचेच ते मैदान, हे जे अध्याहृत गृहीतक या साऱ्या चर्चेच्या मुळाशी आहे, ते इतिहासाच्या आणि अर्थशास्त्राच्या, दोन्ही कसोट्यांवर टिकत नाही.

इतिहास असा. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. मांडवीपासून गिरगावापर्यंतच्या कोंदट वस्त्यांत माणसे किड्यामुंग्यांसारखी मेली, गिरण्या ओस पडल्या, मजूर गावाकडे पळाले, आणि व्यापाराचे नुकसान होऊ लागले तेव्हा सरकारला शहराच्या आरोग्याची आठवण झाली. १८९८ मध्ये सुधार मंडळ, ज्याला लोक ‘इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ म्हणत, स्थापन झाले. जुन्या वस्त्यांतून रुंद रस्ते काढणे आणि शहराच्या उत्तरेला, दादर-माटुंगा-शीव भागात, हवेशीर नव्या वसाहती आखणे हे त्याचे काम. ज्यांची घरे रस्त्यांसाठी पाडली गेली त्या गरिबांना या नव्या वसाहतींत फारसा थारा मिळाला नाही, तेथे मुख्यतः पांढरपेशा मध्यमवर्ग आला, हेही येथेच नोंदविले पाहिजे. दादर-माहीमचे हे मैदान नगरपालिकेने १९२५ मध्ये लोकांसाठी खुले केले. तेव्हा त्याचे नाव ‘माहीम पार्क’ होते. १९२७ मध्ये शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने ते बदलून शिवाजी महाराजांचे नाव देण्यात आले, आणि त्यासाठी आग्रह धरणाऱ्या नगरसेविका होत्या अवंतिकाबाई गोखले; चंपारण्यात गांधीजींबरोबर काम केलेल्या, गांधीजींचे मराठीतील पहिले चरित्र लिहिणाऱ्या. या मैदानावर पुढे ज्यांनी महाराजांच्या नावाने मक्ता मिरविला, त्यांच्यापैकी किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे!

सुमारे २८ एकरांची ही जागा. मैदान आधी आणि भोवतालची बहुतेक घरे नंतर, हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. तिमजली-चौमजली, वळणदार सज्ज्यांच्या ज्या इमारतींसाठी हा परिसर ओळखला जातो त्यातील पुष्कळशा पुढच्या दोन दशकांत उठल्या. म्हणजे या शेजाराने मैदान निर्माण केलेले नाही. मैदानाने हा शेजार निर्माण केला आहे.

आणि मैदान ज्या कारणांनी महाराष्ट्राला ठाऊक झाले ती कारणे बहुतांशी ‘बाहेरच्यांनी’च पुरविली. ९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे गांधीजींना अटक झाली. त्या संध्याकाळी शिवाजी पार्कवर त्यांची सभा व्हायची होती. सभेत आपण बोलू असे कस्तुरबांनी जाहीर केले आणि सभेला पोहोचण्यापूर्वीच त्यांनाही पकडण्यात आले. त्या दिवशी मैदानाकडे निघालेला मनुष्य लालबागचा की परळचा, की कट्ट्यासमोरच्या इमारतीतला, हे विचारण्याचे कोणाच्या मनात आले नसेल. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्रे, एस. एम. जोशी, कॉम्रेड डांगे यांच्या सभांना येथे जो जनसागर लोटे, त्यात गिरणगावातून पायी आलेला कामगार होता. १९६६ च्या ऑक्टोबरात शिवसेनेने आपला पहिला मेळावा येथेच घेतला. ‘बाहेरचे’ या शब्दाला या शहराच्या राजकारणात जे वजन आले त्यात त्या मेळाव्यापासून सुरू झालेल्या परंपरेचा वाटा मोठा आहे. काळाचा विनोद असा की आज तोच शब्द मराठी श्रमिकाला उद्देशून वापरला जात आहे.

मैदानाची क्रिकेटची कीर्ती घेतली तरी तेच. रमाकांत आचरेकरांच्या तालमीत वाढलेला सचिन तेंडुलकर मूळचा वांद्र्याच्या साहित्य सहवासातला. सरावासाठी तो मैदानाजवळच्या नातेवाइकांकडे येऊन राहिला. तो येथला म्हणून सर्वांना आज अभिमान आहे. बाहेरून येणारा मोठा झाला की आपला, लहान राहिला की परका!

आता अर्थशास्त्राकडे वळू. मुंबईत दरडोई मोकळी सार्वजनिक जागा जेमतेम एक-सव्वा चौरस मीटर आहे. एक चटई पसरली तर उरत नाही. अशा शहरात २८ एकरांवर कायमची बांधकामबंदी ठेवणे हा साऱ्या शहराने केलेला त्याग आहे. त्या जमिनीचा बाजारभावाने येणारा खंड मुंबईकर दरवर्षी सोडून देतात. पण सोडलेला हा खंड नाहीसा होत नाही. तो मैदानाच्या कडेने असलेल्या भूखंडांच्या किमतीत जाऊन बसतो. हवा, उजेड, समोरचे मोकळे आकाश यांचे मोल घराच्या विक्रीपत्रात रुपये बनून उतरते. जुन्या इमारतींच्या पुनर्विकासातून जे मनोरे आता उभे राहत आहेत त्यांच्या जाहिराती पाहाव्यात. त्यात सिमेंटपेक्षा मैदान अधिक विकले जाते. रिकार्डोने ज्याला खंड म्हटले आणि जॉन स्टुअर्ट मिलने ज्या अनर्जित मूल्यवृद्धीवर समाजाचा हक्क सांगितला, तिचे याहून ढळढळीत उदाहरण शोधून सापडणार नाही.

हे तत्त्व आपल्याकडे अपरिचित होते असेही नाही. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यात, योजनेमुळे वाढलेल्या किमतीचा निम्म्यापर्यंतचा हिस्सा जमीनधारकाकडून सुधारणा-आकार म्हणून घेण्याची तरतूद होती. १९६६ च्या राज्याच्या कायद्यातही ते तत्त्व आले. परक्या सरकारला जे न्याय्य वाटले ते स्वतंत्र महाराष्ट्राच्या राजधानीत बाजूला पडले. २०१० पासून मालमत्ता कर भांडवली मूल्यावर आकारला जातो, तेव्हा वाढीचा काही अंश तिजोरीत परत येतो, असे कोणी म्हणेल. येतो, पण तो अंशच. उरलेली वाढ मालकाच्या आणि विकासकाच्या पदरात पडते. या परिसरातील जुन्या भाडेकरूंना, निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्धांना या हिशेबात धनिकांच्या रांगेत बसविणे मात्र अन्यायाचे होईल. पुनर्विकासानंतरचा देखभाल खर्च न झेपून घर विकावे लागणारे कुटुंब हे या व्यवहाराचे लाभार्थी नसून त्याचे पुढचे बळी आहे. मैदानावरचा सर्वसामान्यांचा हक्क हा त्यांचाही हक्क आहे.

या पार्श्वभूमीवर ६ डिसेंबरविषयी ऐकू येणारी कुजबुज तपासून पाहावी. ७ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. तेव्हापासून दरवर्षी विदर्भातून, मराठवाड्यातून, खानदेशातून लाखो माणसे चैत्यभूमीवर येतात. त्यांना टेकायला जागा हवी, ती शिवाजी पार्कवर मिळते. पालिका मंडप घालते, पाण्याची आणि शौचालयांची सोय करते; मैदानात पुस्तकांची दुकाने लागतात आणि शेतमजुराच्या पिशवीतून पुस्तके गावोगाव जातात. गर्दीचा आणि कचऱ्याचा बाऊ करणाऱ्यांनी कचऱ्याची पेटी आणि सफाई कामगार कमी का पडतात, हे पालिकेला विचारावे. ज्या जमिनीचा खंड साऱ्या समाजाने सोडला आहे, त्या जमिनीवर वर्षातून दोन-तीन रात्री अंग टाकणारा मनुष्य पाहुणा नव्हे, हिस्सेदार आहे.

मैदानावर खरे अतिक्रमण कोठून होते तेही पाहिले पाहिजे. न्यायालयाने मोजके दिवस वगळून खेळाव्यतिरिक्त वापराला आळा घातला होता. त्यात २६ जानेवारी, १ मे आणि ६ डिसेंबर हे दिवस होते. २०१६ मध्ये राज्य शासनाने असे दिवस वर्षाला ४५ पर्यंत वाढविले. ही वाढ चैत्यभूमीच्या यात्रेकरूने मागितली नव्हती. तिचा लाभ सत्तेच्या जवळ असणाऱ्यांना अधिक मिळतो. मैदानाच्या कडेला क्लब, जिमखाने, सभागृहे यांनी जागा व्यापली आहे. त्यातील काही संस्थांनी तरुणांसाठी मोलाचे काम केले आहे, हे निर्विवाद. परंतु सार्वजनिक जमिनीवरील प्रत्येक दाराला सभासदत्वाची फी आणि शिफारस लागत असेल, तर ते दार किती सार्वजनिक उरते? भोवतालच्या रस्त्यांवर दोन्ही अंगांनी उभ्या राहणाऱ्या मोटारींविषयी तर कोणी चकार शब्द काढीत नाही, कारण त्या मोटारींचे मालक बहुधा तक्रार करणाऱ्यांतलेच असतात.

कार्यकर्त्यांनी या प्रश्नात ‘रहिवासी विरुद्ध बाहेरचे’ या सापळ्यात न अडकता दोन मागण्या घेऊन पालिकेच्या विभाग कार्यालयात जावे. ४५ दिवसांपैकी कोणता दिवस कोणाला, किती शुल्काने दिला आणि मैदान पूर्ववत करण्याचा खर्च कोणी सोसला, याचा तक्ता दरवर्षी कट्ट्यावर लावण्यात यावा. आणि कडेच्या सर्व संस्थांचे भाडेकरार, त्यांची मुदत आणि भाड्याची रक्कम जाहीर करण्यात यावी. धूळ आणि ध्वनी यांच्याविरुद्ध लढणाऱ्या नागरिकांनाही या मागण्यांवर सही करण्यात अडचण असू नये. सह्या गोळा करण्याचे काम कट्ट्यापासून सुरू करावे, पण तेवढ्यावर थांबू नये. प्रभादेवी, वरळी, नायगाव, धारावी येथील वस्त्यांतून, जेथील मुलांना चेंडू टाकायला दुसरी जागा नाही, तेथूनही सह्या याव्यात.