वाढवणच्या हिशोबात कारागिराची वही कुठे आहे?

पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराबद्दल बोलणारे दोन प्रकारचे लोक भेटतात. एक म्हणतात, २० मीटरची नैसर्गिक खोली असलेली अशी जागा देशात दुसरी नाही, जगातली मोठ्यात मोठी जहाजे थेट इथे लागतील, व्यापाराचे नशीब उघडेल. दुसरे म्हणतात, मासेमार उठला, चिकूची वाडी गेली, डहाणू संपले. दोघेही पोटतिडकीने बोलतात. पण दोघांच्या बोलण्यात छोटा व्यापारी आणि घरात बसून काम करणारा कारागीर कुठेच नसतो. हे पान त्यांचेच असल्यामुळे बंदर हवे की नको या वादाऐवजी आज मी एका कागदाविषयी लिहिणार आहे. त्या कागदाचे नाव पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अहवाल. आपल्यापैकी फार थोड्यांनी तो कधी हातात धरला असेल.

आधी बंदराचा आवाका पाहू. केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी मंजूर केलेला खर्च ७६,२२० कोटी रुपये. समुद्रात भराव टाकून तयार करायची जमीन १,४४८ हेक्टर. कंटेनरचे ९ टर्मिनल, प्रत्येक एक किलोमीटर लांबीचे. मालकी ७४ टक्के जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाची आणि २६ टक्के महाराष्ट्र सागरी मंडळाची. पायाभरणी पंतप्रधानांच्या हस्ते ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली.

हे सर्व ज्या तालुक्यात घडते आहे त्या डहाणूला केंद्र सरकारनेच २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली या तालुक्यासाठी खास प्राधिकरण स्थापन झाले. एका परदेशी कंपनीने वाढवणलाच बंदर बांधायचे ठरवले होते, तेव्हा याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये ‘इथे बंदर चालणार नाही’ असा निर्णय दिला. पुढे त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी अटी घालून परवानगी दिली. १९ जानेवारी २०२४ रोजी पालघरला जनसुनावणी झाली आणि १६ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्राची पर्यावरण मंजुरी आली. सुनावणीपासून मंजुरीपर्यंत २८ दिवस. आपल्याकडे दुकानाच्या पाटीचा परवाना मिळायलाही याहून जास्त वेळ लागतो, असे कोणी म्हटले तर त्याला मी खोटे पाडणार नाही.

आता कायदा काय म्हणतो ते समजून घेऊ. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली २७ जानेवारी १९९४ रोजी मूल्यांकनाची पहिली अधिसूचना निघाली. जनसुनावणी सक्तीची झाली १९९७ मध्ये. १४ सप्टेंबर २००६ रोजी नवी अधिसूचना आली आणि पुढच्या सर्व दुरुस्त्या तिच्यावरच झाल्या. प्रकल्पवाला अर्ज करतो. कशाकशाचा अभ्यास करायचा त्याच्या अटी सरकार ठरवून देते. प्रकल्पवाला सल्लागार नेमून अहवालाचा मसुदा तयार करतो. मग जनसुनावणी होते. तिच्यातील मुद्द्यांना उत्तरे देऊन अहवाल पक्का होतो, दिल्लीची तज्ज्ञ समिती तो तपासते आणि मंजुरी मिळते किंवा नाकारली जाते.

यातली खोट कोणत्याही दुकानदाराला लगेच कळेल. अभ्यास करणाऱ्याचे बिल प्रकल्पवालाच भरतो. तराजू विकणाऱ्याचा आणि वजन करणाराही त्याचाच. सल्लागारांना मान्यतापत्र घ्यावे लागते, पण पैसे देणारा हात तोच राहतो. मग जो तोटा प्रकल्पवाल्याच्या डोळ्यांना दिसत नाही, तो सल्लागाराने आपणहून शोधून काढावा अशी आशा धरणे भाबडेपणाचे आहे. तो तोटा दाखवायची कायदेशीर जागा एकच, जनसुनावणी. तिथे आपण काय करतो? एक तर जात नाही. किंवा गेलो तर मागे उभे राहून घोषणा ऐकतो आणि परततो.

चिंचणी, वरोर, वाढवण या पट्ट्यात घराघरांत डाय कोरणारे कारागीर आहेत. सोन्याचांदीच्या दागिन्यांवर जी नक्षी उठते तिचे पोलादी साचे हे लोक हाताने कोरतात, आणि त्यांचा माल झवेरी बाजारापर्यंत जातो. या कारागिराकडे सातबारा नसतो. ओसरीवर एक लाकडी मेज, चिमटे, छिन्न्या, भिंग आणि दिवा, एवढाच त्याचा कारखाना. जमीन संपादन करणारा अधिकारी सातबारा बघतो, मत्स्य विभाग बोटीची नोंदणी बघतो. या माणसाला कोणत्या रकान्यात घालायचे? त्याच्या दारावरून दिवसरात्र अवजड वाहने जाऊ लागली, जमीन हादरू लागली, तर केसाएवढी रेघ कोरणाऱ्या हाताचे काय होईल? हा प्रश्न पर्यावरणाचाच आहे. आवाज, धूळ, कंपने हे सगळे मूल्यांकनात बसते, पण कोणीतरी तो विचारायला हवा.

मासळीच्या व्यापाराचेही तसेच आहे. बोटवाल्याचे नुकसान निदान सरकारला सुचते तरी. बोटीवरून माल घेऊन बाजारात पोचवणारा, बर्फ पुरवणारा, टेम्पोवाला, जाळी शिवणारा, सुकी मासळी भरून ठेवणारा, यांची नावे कोणत्या यादीत येतात? भरावाचे आणि गाळ काढण्याचे काम चालू असताना पाणी गढूळ होऊन मासळी लांब गेली, तर बोटवाल्याच्या आधी बर्फवाल्याचा गल्ला रिकामा होतो. घोलवड-डहाणूच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे बागायतदाराच्या हातात निदान एक कागद आला. चिकू निवडणारे, खोकी भरणारे, अडतीवर माल घेणारे मात्र कागदाविनाच आहेत.

हे मला कसे कळले? माझ्या मामूंचे महामार्गाच्या कडेला गाद्या-रजयांचे दुकान होते. रस्ता रुंद करायचे काम निघाले, त्याची दोन वर्षे धूळ. पिंजलेला पांढरा कापूस संध्याकाळपर्यंत मातकट व्हायचा. भरावाने नाला बुजला आणि पहिल्याच पावसात गोदामात पाणी शिरले. मामू एका कार्यालयात तक्रार घेऊन गेले. तिथला माणूस सभ्य होता, उद्धट नव्हता. त्याने फाइल काढून विचारले, “चाचा, सुनावणीच्या वेळी हरकत दिली होती का?” सुनावणीची जाहीर सूचना छापलेले वर्तमानपत्र मामूंच्या दुकानात आलेले होते. त्यात उशा बांधून गेल्या होत्या.

म्हणून नियम नीट ध्यानात ठेवा. सुनावणीच्या किमान ३० दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक दैनिकात सूचना द्यावी लागते. अहवालाचा मसुदा आणि त्याचा स्थानिक भाषेतील सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद किंवा महापालिका आणि जिल्हा उद्योग केंद्र येथे लोकांना पाहण्यासाठी ठेवावा लागतो. होय, तेच जिल्हा उद्योग केंद्र, जिथे आपण कर्जाचा फॉर्म घ्यायला जातो. मराठी कागद वेळेत पोचला नसेल तर तीही हरकत लेखी द्यावी. राजापूर तालुक्यात जैतापूर अणुप्रकल्पाची सुनावणी १६ मे २०१० रोजी झाली, तेव्हा सर्व ग्रामपंचायतींना मराठी अहवाल वेळेत मिळाला नाही अशी ग्रामस्थांची तक्रार होती. २८ नोव्हेंबर २०१० रोजी ३५ अटी घालून मंजुरी देण्यात आली. साखरी नाट्याच्या मच्छीमारांचा राग त्यानंतर रस्त्यावर उतरला, आणि १८ एप्रिल २०११ रोजी पोलिसांच्या गोळीबारात तिथल्या एका तरुणाचा जीव गेला. त्या गावाने जी किंमत मोजली तिच्यावर दुकानात बसून टीका करण्याचा मला अधिकार नाही.

सुनावणी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी घेतो, आयोजन प्रदूषण नियंत्रण मंडळाचे असते, आणि सर्व कामकाजाचे चित्रीकरण होते. तिथे मतदान नसते. दहा हजार लोक आले म्हणून प्रकल्प पडत नाही आणि दहाच आले म्हणून सुनावणी रद्द होत नाही, कारण कोरमची अट नाही. प्रत्येक मुद्दा इतिवृत्तात नोंदवावा लागतो, त्याच्यासमोर प्रकल्पवाल्याचे उत्तर लिहावे लागते, आणि शेवटी ते इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवावे लागते. ‘आमचा विरोध आहे’ या वाक्याला उत्तर द्यायला प्रकल्पवाल्याला काहीच कष्ट पडत नाहीत. ‘माझ्या घरापासून प्रस्तावित रस्ता अमुक फुटांवर आहे, माझे काम कंपनांमुळे बिघडते, माझ्याकडे चार माणसे कामाला आहेत, मागील तीन वर्षांची बिले जोडली आहेत, कंपनांचे मोजमाप अहवालात का नाही?’ या मुद्द्याला मात्र त्याला काहीतरी लिहावेच लागते. आणि त्याने ते टाळले, तर पुढे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपील करताना तेच टाळलेले पान कामाला येते. अपिलाची मुदत ३० दिवस, योग्य कारण दाखवले तर आणखी ६० दिवस. त्यानंतर दरवाजा बंद.

आमच्यातले बरेच जण म्हणतील, बिले जोडायची तर बिले असायला हवीत ना! खरे दुखणे तेच आहे. रोखीचा धंदा, तोंडी उधारी, नोकराचे नाव कुठेही नाही. कर वाचवण्यासाठी ज्या वहीत आपण धंदा लहान दाखवला, त्याच वहीने नुकसानही लहान ठरते. शॉप अ‍ॅक्टचा दाखला, उद्यम नोंदणी, कामाच्या जागेचे वीजबिल, माल दिल्याच्या पावत्या, एवढे असले तरी माणूस कागदावर उभा राहतो.

माझे मत विचाराल तर बंदराला माझा सरसकट विरोध नाही. भिवंडीचा कापडवाला आणि मुंबईचा चामड्याचा निर्यातदार यांना जहाजभाड्यात फायदा होणार असेल तर तेही आपलेच बांधव आहेत. पण भिवंडीचा फायदा मंजुरीच्या कागदात मोठ्या आकड्यांत लिहिला जातो आणि वरोरच्या ओसरीवरचा तोटा कुठेच लिहिला जात नाही, हा हिशोब मला मान्य नाही. जमा तेवढी लिहायची आणि खर्च सोडायचा, असे खाते आपण आपल्या मुनिमाकडूनही घेणार नाही.

वाढवणची सुनावणी होऊन गेली. प्राधिकरणाच्या परवानगीविरुद्धच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये फेटाळल्या. तरी एक खिडकी उघडी आहे. मंजुरीसोबत ज्या अटी असतात त्या पाळल्या की नाही याचा अहवाल प्रकल्पवाल्याला दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला सादर करावा लागतो, आणि तो सार्वजनिक कागद आहे. चिंचणी-वरोरच्या डाय कारागिरांनी आणि मासळीच्या व्यापाऱ्यांनी चारचौघे मिळून तो मागावा, आपल्या गल्लीतील धूळ, आवाज आणि मालाची आवक यांच्या तारखेनिशी नोंदी ठेवाव्यात, आणि अहवालातील मजकूर या नोंदींशी जुळत नसेल तेथे केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या विभागीय कार्यालयाला लेखी कळवून पोच घ्यावी. पोच घ्यायला विसरू नका.