आईची दाढ

‘चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपण हसत हसत वापरतो. पण मध्यमवर्गीय घरात आईची दाढ पडली, की ‘आता या वयात कशाला?’ असे बहुधा तीच म्हणते आणि बाकीचे सोयीस्करपणे मान डोलावतात. हे संकोचाचे काटकसरीपण घातक आहे. दात गेला की त्याखालचे हाड झिजू लागते, पहिल्या वर्षी सर्वाधिक. शेजारचे दात रिकाम्या जागेकडे कलतात.

स्वीडनचे संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना १९५२ साली सशांवरील प्रयोगात टायटॅनियम हाडाशी एकजीव झालेले आढळले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात दंतरोपण केले. ते चाळीस वर्षांहून अधिक टिकले. ब्रिज बसवायचा तर शेजारचे धडधाकट दात घासावे लागतात. रोपणात ती पाळी येत नाही. खर्च मोठा आहे आणि आरोग्यविमा तो सहसा देत नाही, हे खरेच. तरी मुंबई, नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत चौकशी करावयास काय हरकत आहे?

घाई मात्र नको. हाड स्क्रूला घट्ट धरावयास साधारण तीन ते सहा महिने घेते. मधुमेह आटोक्यात नसेल, हिरड्या दुखऱ्या असतील वा तंबाखू सुटत नसेल (मिश्रीही त्यातलीच!), तर रोपण सैल होण्याचा धोका वाढतो. स्क्रूची कंपनी, प्रकार व क्रमांक लेखी मागून घ्यावेत. दहा वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरकडे जावे लागले, तर जुळणारा सुटा भाग त्यावरूनच शोधता येतो.