आपल्या पोरांची कोपी कोण काढणार?

माधुरी पुरंदरे हे नाव वाचून काही मित्रांच्या कपाळावर आठी येईल. बाबासाहेब पुरंदरे यांच्या त्या कन्या. वडिलांच्या इतिहासलेखनाशी आपलं भांडण आहे, ते राहील. पण माणूस जन्मावरून जोखायचा नाही, हे आपणच जगाला सांगतो ना?

जन्म १९५२ चा. मुंबईच्या जे.जे.मध्ये चित्रकला, मग पॅरिस, पुढे पुण्यात फ्रेंच शिकवणं, पिकासोवर पुस्तक. एवढं शिकलेली बाई लहान मुलांसाठी लिहायला बसली आणि चित्रंही स्वतःच काढली. ‘राधाचं घर’, ‘यश’ बघा. राजा-राणी नाही, शेवटी तात्पर्य नाही. रोजचं घर, रोजची माणसं. २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, तो उगाच नाही.

ही पुस्तकं मी केज तालुक्यातल्या एका विहारात नेली. ऊसतोडीहून परतलेली पोरं तुटून पडली. दुसरीतल्या एका पोरीनं मात्र सगळी पानं उलटून विचारलं, "दादा, हिची माय कारखान्याला जात न्हाई का?"

यात पुरंदरेंचा दोष नाही. त्यांनी ओळखीचं घर काढलं, तेच बरोबर. आपलं घर आपण का काढलं नाही, हा प्रश्न आहे. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेनं १८५५ मध्ये, चौदाएक वर्षांची असताना, मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. आणि आज चैत्यभूमीवर, दीक्षाभूमीवर पुस्तकांचे ढीग लागतात, त्यात पाच वर्षांच्या पोरासाठी काय असतं? बारीक टायपातलं बाबासाहेबांचं चरित्र. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी ‘भीमायन’मध्ये बाबासाहेब आपल्या शैलीत उभे केले, पण ते २०११ साली आलं इंग्रजीत. आणि तिथंही नायक बाबासाहेबच. कोपीत झोपणारी, धाकट्या भावाला कडेवर घेऊन फडात बसणारी पोरगी कुठंय?

"आधी अत्याचाराच्या केसेस बघा, चित्रं नंतर," असं एक कार्यकर्ता मला म्हणाला. केसेस मीही बघतो. पण सहा-सहा महिने शाळा सुटलेलं लेकरू परत येतं आणि पुस्तकात त्याच्यासारखं कुणीच राहत नाही, तेव्हा ते पुस्तक मिटून ठेवतं.

चित्रकला शिकणारी आपली पोरं आहेत. जयंतीचे बॅनर तीच रंगवतात. त्यांना चोवीस पानं मागा. येत्या १४ एप्रिलच्या वर्गणीतून डीजेचा एक दिवस कमी करा आणि त्या पैशात छापा.